इस्त्री मोडू नये म्हणून

पहिल्याच कबुलीला माझ्या तोंडात माती आली. ओली, काळी, आणि तिच्यात एक जिवंत गांडूळ. रेमन कोरिया जाळीच्या पलीकडे गुडघे टेकून सांगत होता की त्याने भावाच्या केळीच्या वाडीतला हद्दीचा दगड हातभर सरकवला. 'सरकवला' हा शब्द त्याने उच्चारला आणि माझी जीभ मातीखाली गेली. मी ओठ घट्ट मिटले. तोंडात गांडूळ वळवळत असताना माणूस दुसरं काय करणार?

"फादर?" रेमन म्हणाला.

"हं."

"मला मोकळं करा, फादर."

मी गिळलं आणि त्याला मोकळं केलं. तो उठला, हात झटकले आणि शीळ घालत निघून गेला.

मी फादर नाही. मी लाँड्रीवाला आहे. माझं नाव इनास लोपीस. स्टेशनजवळच्या एका लाँड्रीत मी अठरा वर्षं इस्त्री करतोय आणि धुतलेले कपडे घरोघर पोहोचवतोय. खारवंडीच्या देवळात नवे फादर यायचे होते. त्यांचा पांढरा झगा आमच्याकडे धुवायला आला होता आणि तो सकाळी दहाच्या आत देवळात पोहोचवायचा होता. एसटीतून उतरल्यावर दीड किलोमीटर चाल. तेहतीस गुंड्यांचा, खळ घातलेला झगा हातावर घेतला तर कोपराशी चुरगळतो आणि घडी घातली तर पाठीवर आडवी रेघ पडते. ज्याने कधी इस्त्री हातात धरली नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. मी तो अंगात घातला, सगळ्या गुंड्या लावल्या, खालचा घेर दोन्ही हातांनी वर धरला आणि चालू लागलो. गावाच्या तोंडाशी काढून हातावर घेणार होतो.

गावाच्या तोंडाशी क्रूस आहे. क्रुसापाशी बँड उभा होता. मला बघताच त्यांनी वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. झेंडूचा डाग पांढऱ्या कपड्यावरून सहजी जात नाही, म्हणून मी तो चटकन काढून हातात घेतला, तर बायका म्हणाल्या, "किती साधे आहेत फादर!"

"मी लाँड्रीतून आलोय," मी म्हणालो.

सगळे हसले. "विनोदीपण आहेत," रेमन म्हणाला. माझ्या तोंडाकडे कोणी बघतच नव्हतं. सगळे झग्याकडे बघत होते. इस्त्री होतीच तशी.

देवळामागच्या खोलीत गेल्यावर मी झगा काढायला घेतला. वरच्या गुंडीपासून सुरुवात केली. तेहतिसावी सोडवली तेव्हा पहिली लागलेली होती. तीनदा केलं. मग खालून वर केलं. मग बाहेरून कोणीतरी दार वाजवलं आणि म्हणालं, फादर, मिस्सेची वेळ झाली. मिस्सेची सगळी प्रार्थना मला पाठ होती. लहानपणी आईने बळेच पाठ करून घेतली होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण लपवाछपवीचा मला आता उबग आलाय. खारवंडीला मी सहा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. त्याआधी एका दुपारी तीन वाजता, गावाबाहेरच्या मोरीपाशी, मी एका सायकलवाल्याला लाँड्रीच्या व्हॅनने उडवलं. खाली उतरून बघितलं. रक्त फार होतं. डाग बघितला की माझे हात शिवशिवतात आणि किळसही येते. दोन्ही एकदम होतं. व्हॅनमध्ये लग्नाच्या हॉलच्या धुतलेल्या, खळ घातलेल्या चादरी होत्या. त्यातली एक काढली, त्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत घातली, चारी कोपरे सरळ केले आणि निघून गेलो. माणूस मेला होता. शेठला सांगितलं की एक चादर हरवली. त्याने काही विचारलं नाही. त्या माणसाचं नाव दुमिंग होतं हे मला पेपरात कळलं.

तर हे गाव मला ओळखेल या धाकात मी पहिले दोन दिवस मान वर केली नाही. लोकांना वाटलं, फादर नम्र आहेत.

शनिवारी दुपारी कबुलीचं कपाट उघडलं आणि रेमनच्या मातीनंतर रांग लागली. एक बाई सासूला माशाचे काटे वाढायची आणि तुकड्या मांजराला घालायची. माझ्या हिरड्यांत काटे रुतले. शाळेचे मास्तर रडत रडत असं काही बोलले की ते मी सांगणार नाही. तोंडात ओल्या केसांचा गुंता आला, न्हाणीच्या जाळीत अडकतो तसा, साबणासकट. मग मिंगेल आला. वाटणीच्या बैठकीत म्हाताऱ्या बापाला बोलता येऊ नये म्हणून त्याने बापाची कवळी लपवली होती. ती आली. कोमट होती. मागच्या दाढेत सुपारीचं खांड अडकलेलं होतं.

कवळी मात्र मी थुंकली. माणसाच्या सोसण्याला काही मर्यादा असते. ती फरशीवर पडली, सरळ झाली आणि टकटक करत मधल्या वाटेने दाराबाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिंगेल जबडा सुजवून आला. त्याला बोलता येत नव्हतं. त्याच्या बायकोने त्याच्या खिशातून कवळी काढून माझ्यापुढे धरली. "फादर, ही परत आली," ती म्हणाली. मी ती तोंडात घेतली आणि गिळली. गिळायचं मनावर घेतलं की काहीही गिळता येतं, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी जेवलो की प्रत्येक घास आत गेल्यावर पुन्हा एकदा चावला जातो.

घंटा वाजवणारे पास्कूकाका माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. ताटलीत चार लवंगा होत्या.

"आधीचे फादर लवंग चघळायचे," ते म्हणाले.

"त्यांनापण हे व्हायचं?"

"व्हायचंच की. पण ते पुढं द्यायचे. महिन्याच्या महिन्याला बिशपकडं."

"आणि बिशप?"

पास्कूकाकांनी बोट वर केलं. "तुमचा नेमणुकीचा कागद आला की तुम्हीपण द्याल. कागदाशिवाय घेत नाहीत."

कागद येणार नव्हता. मला ठाऊक होतं. मी एक लवंग तोंडात टाकली, पण खाली खळीची चव तशीच राहिली. ही एक बारीक गोष्ट होती: माती असो, काटे असोत, केस असोत, गिळून झाल्यावर मागे खळीची चव उरायची. अठरा वर्षं खळ घोळवणाऱ्याला ती ओळखायला वेळ लागत नाही. पापाला खळ कोण घालतं ते मात्र समजत नव्हतं.

गाव हलकं होऊ लागलं. खरोखर हलकं. रेमन केळी तोलायच्या काट्यावर उभा राहिला तर साडेतीन किलो कमी भरला. समुद्रावर ओल्या वाळूत बायकांची पावलं उमटेनाशी झाली. म्हातारेसुद्धा पायऱ्या दोन-दोन चढू लागले. आणि माझं पोट पुढे आलं, मग बाजूंनी आलं. झगा मात्र फाटला नाही, ताणला गेला. लोकांना हे बघून बरं वाटायचं. "आमच्या हातचं मानवलं फादरना," म्हणत ते तळलेली सुरमई आणि पिकल्या केळ्यांची सुकेळी आणून ठेवायचे. वास आला की मला उमासे यायचे.

मी विचार केला होता की लोक एकदा मोकळे झाले की थांबतील. थांबतात कसले! आता कोणी लाजत नव्हतं. सोमवारी करायचं आणि मंगळवारी सांगायला यायचं. फादर आहेत ना, मग काय! रेमनने दुसरा दगड सरकवला आणि येताना भावालाही घेऊन आला, कारण भावाने तिसरा सरकवला होता. रांगेत बसायला लोकांनी घरून खुर्च्या आणल्या. नाकाने कांदे सोलणारी ही माणसं, देवळात चप्पल कुठे काढायची यावरून भांडणारी, जाळीला तोंड लावून चवीने सांगत बसायची आणि माझ्या तोंडात कोणाचं नख, कोणाची खपली, कोणाच्या जखमेची पिवळी झालेली पट्टी येऊन पडायची. मला त्यांची किळस यायची. मग पट्टी घशाखाली गेली की माझी स्वतःची यायची, आणि तिची चव अधिक वाईट असायची.

तिसऱ्या आठवड्यात खरे फादर आले. पँट आणि चौकड्याचा शर्ट, हातात आमच्या लाँड्रीची पावती. "माझा झगा इकडे आलाय का?" त्यांनी पास्कूकाकांना विचारलं. पास्कूकाकांनी पावती वाचली. वर लाँड्रीचं नाव छापलेलं होतं. "लाँड्रीवाला आला," ते ओरडले आणि बायका चादरी-पडदे घेऊन धावल्या. संध्याकाळपर्यंत फादरांना देवळामागच्या पडवीत टेबल आणि इस्त्री मिळाली होती.

मी त्यांच्याकडे गेलो. ते कॉलरवर इस्त्री फिरवत होते. आधी कॉलर उलटी करायची असते, ते त्यांना माहीत नव्हतं.

"फादर, हे सगळं तुमचं आहे," मी पोटावर हात ठेवून म्हणालो. "तुमच्याकडे कागद आहे. घ्या आणि पुढे द्या."

त्यांनी माझ्या झग्याकडे बघितलं. "मी फक्त कपडे घेतो, फादर," ते म्हणाले. "शनिवारी देतो." त्यांचा चेहरा इतका शांत होता की मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

कबुलीचं कपाट रोज बोटभर अरुंद होत होतं. मी मोजत होतो, कारण बसताना भिंती दोन्ही खांद्यांना लागायच्या आणि माझी इस्त्री मोडायची.

नातालीनबाय शेवटच्या बाकावर बसायची. काळा पदर, हातात पिशवी. मिस्सा पूर्ण ऐकायची, पण प्रसाद घ्यायला कधी पुढे यायची नाही. गावात ती एकटीच पूर्वीइतकी जड होती. तिच्या पावलांचा आवाज यायचा. एका शनिवारी सगळ्यात शेवटी ती जाळीपाशी गुडघे टेकून बसली.

"फादर, मी क्षमा केलेली नाही," ती म्हणाली.

"कोणाला?"

"माझ्या दुमिंगवर चादर घातली त्याला."

कपाटाच्या भिंती माझ्या कोपरांना टेकल्या. "ज्याने गाडीखाली घेतलं त्याला, म्हणायचंय का?" मी विचारलं.

"ते नाही, फादर. रस्ता आहे, गाडी आहे. पोर सायकल वाकडीतिकडी चालवायचं. ते मी कवाच सोडलं. चादरीचं सोडवत नाही." तिने पिशवी छातीशी धरली. "तो तासभर जिवंत होता. डॉक्टर बोलले. रस्त्यानं आपला रेमन गेला. बँडवाले लग्नाला चालले होते ते गेले. शाळेचे मास्तर गेले. आधीचे फादर गेले स्कूटरवरून. सगळ्यांनी चादर बघितली, क्रूस केला नि पुढं गेले. मेलेल्याला हात कोण लावतो? पोलीस येईस्तोवर नाही. तोंडाशी चादर वर-खाली होत होती. पास्कूनं बघितलं. त्याला वाटलं वारा आहे."

मी तोंड उघडं धरून बसलो. तोंडात काही आलं नाही. माती नाही, केस नाहीत. जीभ कोरडी पडली होती. आणि गेले तीन आठवडे घशात राहिलेली ती खळ कुठली होती ते मला समजलं. गावातला एकेक माणूस त्या चादरीपाशी येऊन, बघून पुढे गेला होता. मी माणूस मारला होता हे मला माहीत होतं. तो मी निघून गेल्यावर मेला हे मला माहीत नव्हतं.

नातालीनबायने पिशवीतून चादर काढली आणि जाळीला लावली. "ही बघा. कोपऱ्यात खूण आहे. गोलात दोन रेघा. विरारपासून भाईंदरपर्यंत सगळ्या लाँड्र्या फिरले. कोणी बोलत नाही आमची आहे म्हणून."

खूण माझ्या हातची होती. आमच्याकडेही नातालीनबाय येऊन गेली होती. शेठ 'आमची नाही' म्हणाला तेव्हा मी आत पडद्यामागे इस्त्री करत होतो.

चादरीच्या मध्यावर मोठा तपकिरी डाग होता. कडा पक्क्या झालेल्या. मी तो बघितला आणि माझ्या तोंडून गेलं, "गरम पाण्यात घातलीत?"

"काय?"

"रक्ताला गार पाणी लागतं. गरम घातलं की डाग बसतो."

जाळीपलीकडे तिने डागावरून बोट फिरवलं. मग तिने चादर काढून घेतली. नीट घडी केल्याचा आवाज आला.

"हे फादरला कसं कळलं?" ती म्हणाली. उत्तराला न थांबता उठली आणि गेली. तिची पावलं दारापर्यंत मला ऐकू येत होती.

पुढच्या शनिवारी मी कपाटात शिरलो तो अडकलोच. अर्धा आत, अर्धा बाहेर. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. पास्कूकाका, रेमन आणि मिंगेल यांनी मला धरून ओढलं. त्या ओढाओढीत माझ्या पोटातली कवळी वाजली आणि सगळ्यांनी खाली बघितलं. मी बाहेर आलो तेव्हा कपाटाची बैठक रिकामी होती. नातालीनबाय रांगेच्या बाजूने चालत आली, माझ्या अंगावरून पुढे गेली आणि फादरच्या जागेवर जाऊन बसली. तिला ती जागा बरोबर झाली.

"ओ बाय, आमचा नंबर आहे," रेमन म्हणाला.

"माझा सहा वर्षं आहे," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. मग आतून आवाज आला. "तिकडून बसा, फादर."

मी गुडघे टेकले. पोटामुळे जाळी लांब पडत होती, तरी तिचा श्वास ऐकू येत होता. मागे रांगेतल्या खुर्च्या सरकल्या आणि मग त्या सरकायच्या थांबल्या.

"सांग," ती म्हणाली. आता ती मला अरेतुरे करत होती आणि मला ते बरं वाटलं.

"मी इनास लोपीस," मी म्हणालो. "चादर मी घातली."

"तो जिवंत आहे का बघितलंस?"

"नाही."

"का?"

खोटं बोलायला भरपूर शब्द होते. घाबरलो होतो म्हणता आलं असतं. त्याचा मान राखायला झाकला असंही म्हणता आलं असतं, आणि गावाने ते मानलंही असतं.

"हात खराब झाले असते," मी म्हणालो. "व्हॅनमध्ये पांढरे कपडे होते. मला किळस आली. ते दिसू नये म्हणून मी झाकलं. मला दिसू नये म्हणून."

"तो हलला का?"

"मी कोपरे सरळ करत होतो तेव्हा चादर थोडी हलली." हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "मी ती परत सरळ केली."

तिचा श्वास थांबला. माझ्या पोटात काही तरी एवढंसं कमी झालं, पहिल्यांदाच. आणि मग जाळीतून आवाज येऊ लागला. ओला, सावकाश. ती चावत होती.

"नातालीनबाय," मी म्हणालो. "थुंका ते. परत माझ्याकडे येईल. येऊ द्या."

आवाज चालूच राहिला. मी दाराकडे गेलो आणि ते उघडलं. ती ताठ बसली होती. दोन्ही गाल भरलेले, ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, चव असह्य असताना येतं तसं. मागे गाव उभं होतं, कोणी खुर्चीवर नव्हतं. पास्कूकाकांच्या हातात प्रसाद वाटताना लोकांच्या हनुवटीखाली धरतात ती पितळी थाळी होती. त्यांनी ती का आणली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी ती त्यांच्याकडून घेतली, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि तिच्या हनुवटीखाली धरली.

तिच्या घशाची घाटी वर गेली आणि तिथेच राहिली. ती माझ्याकडे बघत होती आणि चावत होती.